उतारवयातील गृहकर्म : त्याग कशाचा करावा?

पितृपक्ष सरत आला की घरोघरी माळ्यावरची भांडी खाली उतरू लागतात. घट बसण्यापूर्वी देवघर धुऊन निघते आणि विजयादशमीपासून दिवाळीपर्यंत जळमटे, चुना, फडताळे, गाद्यांना ऊन दाखविणे असा कामांचा क्रम लागतो. आपल्या बेळगाव भागात तर पावसाळा चार महिने भिंतींत मुरलेला असतो. अंगणातील फरशीवरचे शेवाळ खरवडणे, रहाटाला तेल देणे, वाऱ्याने सरकलेली कौले नीट बसविणे ही कामे याच दिवसांत उरकावी लागतात. आणि ज्या घरात साठी-सत्तरी उलटलेली माणसे आहेत त्या घरात याच दिवसांत एक वाद हमखास होतो. वडील शिडी मागतात आणि मुलगा शिडी लपवून ठेवतो.

हा वाद वरवर शिडीचा दिसतो. खरे पाहता त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. ज्याने चाळीस वर्षे घर शाकारले, विहिरीचा गाळ काढविला, लग्नकार्यात पाण्याची पिंपे भरली, त्याने ही कामे सोडली तर त्या घरात त्याचे स्थान काय, हा एक. आणि त्याने ती न सोडता हाडे मोडून घेतली तर त्याची व घरच्यांची पुढली वर्षे कशी जातील, हा दुसरा. पहिला प्रश्न वडिलांच्या मनात असतो, दुसरा मुलाच्या. दोघेही आपापला प्रश्न उघड न बोलता शिडीवरून भांडतात. गीतेच्या अठराव्या अध्यायात या दोन्ही प्रश्नांना उत्तर सापडते असे आमचे मत आहे, आणि प्रस्तुत पाठात तेच पाहावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते की घरातील अंगमेहनतीची कामे ही निव्वळ व्यवहाराची बाब आहे, धर्मविचाराशी तिचा संबंध नाही. आणि म्हातारपण म्हणजे ही कामे टाकून जपमाळ घेऊन बसण्याचा काळ. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाची पाच सूनास्थाने सांगितली आहेत, ती कोणती पाहा : चूल, दळण्यावाटण्याचा दगड, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. या पाच ठिकाणी नकळत सूक्ष्म जीवांची हिंसा घडते. तिच्या परिहारार्थ पंचमहायज्ञ सांगितले. म्हणजे धर्मशास्त्रकारांनी गृहस्थाश्रमाकडे पाहिले ते स्वयंपाकघराच्या आणि पाणवठ्याच्या वाटेने. सहाव्या अध्यायात अंगावर सुरकुत्या आणि डोक्यावर पांढरे केस दिसू लागले, नातवंडाचे मुख दृष्टीस पडले, म्हणजे गृहस्थाने वनात जावे असे म्हटले आहे खरे. पण तेथेही पंचमहायज्ञ सुटलेले नाहीत. वनात मिळेल त्या अन्नावर ते चालू ठेवावयाचे आहेत. साधन बदलले, प्रमाण उतरले, कर्म मात्र राहिले. (आज वनात कोणी जात नाही. वरच्या मजल्यावरची खोली हेच आपले वन, आणि तिकडे जाणारा जिना बहुधा अरुंद व अंधारा असतो, हा भाग निराळा.)

आता अठराव्या अध्यायाकडे वळू. आरंभीच अर्जुनाने संन्यास व त्याग यांचे तत्त्व वेगवेगळे करून विचारले आहे. उत्तरात भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार सांगितले. नियत कर्म मोहाने टाकणे हा तामस त्याग (श्लोक ७). कर्म दुःखदायक आहे, शरीरास क्लेश होतील, या भयाने टाकणे हा राजस त्याग. तो करणाऱ्यास त्यागाचे फळ मिळत नाही (श्लोक ८). कर्तव्य म्हणून नियत कर्म करीत राहून त्यातील आसक्ती व फलेच्छा सोडणे हा सात्त्विक त्याग (श्लोक ९). प्रवचनांतून हे श्लोक सामान्यतः यज्ञ, दान, तप अशा मोठ्या कर्मांस लावून दाखविले जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याला अंगण झाडणे व पाणी भरणे यांत हे श्लोक लावता येत नाहीत, त्याला ते यज्ञात तरी कसे लावता येतील, असे आम्हांस वाटते.

निवृत्तिवेतन सुरू झालेल्या दिवसापासून ज्याने पाण्याचा तांब्यासुद्धा हाताने घेणे सोडले, त्याचा त्याग राजस होय. गुडघा दुखतो म्हणून फिरणे सोडले, फिरणे सोडले म्हणून गुडघा अधिक दुखू लागला, असे चक्र त्याच्यामागे लागते. फळ मिळत नाही म्हणतात ते असे प्रत्यक्ष दिसते. तामस त्यागातील मोह पुष्कळदा त्या वृद्धाचा नसून घरच्यांच्या प्रेमाचा असतो. आमच्या परिचयातील एका घरात आई एकाहत्तर वर्षांच्या झाल्या तेव्हा मुलाने व सुनेने मोठ्या हौसेने त्यांची सारी कामे काढून घेतली. धुण्याला यंत्र आले, भांड्यांना बाई आली, विळी उचलून वर ठेवली, आईंना आरामखुर्ची मिळाली. हेतूत काडीमात्र दोष नव्हता. वर्षभरात आईंना जमिनीवरून आधाराशिवाय उठता येईना. कारण दिवसातून दहा वेळा बसणे-उठणे होत होते ते बंद पडले होते. याहून वाईट गोष्ट अशी की, घरात काय चालले आहे हे त्यांना कोणी विचारीनासे झाले. जिच्या हाती काम नाही, तिच्याशी बोलण्यास विषयही उरत नाही.

सात्त्विक त्यागाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. तेथे कर्म टाकावयाचे नाही. टाकावयाची ती आसक्ती. गृहकर्मातील आसक्ती कोणती? ‘हे माझ्यावाचून दुसऱ्यास जमणार नाही’, ‘ते माझ्याच पद्धतीने झाले पाहिजे’, आणि ‘मला अजून सारे जमते हे चार लोकांनी पाहिले पाहिजे’. या तीन वाक्यांपैकी तिसरे सर्वांत घातक. आणि येथे ‘नियत’ या शब्दाकडेही लक्ष द्यावे. नियत म्हणजे आपल्या वाट्यास, आपल्या अधिकारानुसार आलेले. अधिकार वयाबरोबर पालटतो. चाळिशीत जे कर्म नियत होते ते पंचाहत्तरीत नियत राहतेच असे नाही. म्हणून ते सोडताना पाप लागत नाही आणि लाजही वाटण्याचे कारण नाही.

याच अध्यायात पुढे कर्माचे तीन प्रकार आहेत, ते वृद्धांनी विशेष लक्षपूर्वक वाचावेत. अहंकाराने व अति आयासाने केलेले कर्म राजस (श्लोक २४). परिणाम, हानी, हिंसा आणि आपले सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म तामस (श्लोक २५). मुळात सामर्थ्यासाठी ‘पौरुष’ हा शब्द आहे. आपल्याकडे पौरुष म्हणजे सामर्थ्य दाखविणे असा अर्थ रूढ झाला आहे. गीतेला येथे अभिप्रेत आहे ते सामर्थ्याचे माप घेणे. चौऱ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ मुलगा कचेरीतून येण्याआधी काम उरकून दाखवावे म्हणून तिन्हीसांजेस एकटेच माळ्यावर चढले, हातात तांब्याचे घंगाळ घेऊन उतरताना पाय चुकला आणि खुब्याचे हाड मोडले. घंगाळास पोचा आला नाही. त्या एका कृतीत श्लोकातील चारही गोष्टींचा विसर पडलेला आहे : परिणामाचा, हानीचा, सामर्थ्याचा आणि हिंसेचाही, कारण आपल्या देहाला व सहा महिने अंथरुणाशी बसणाऱ्या माणसाला दिलेला क्लेश ही हिंसाच होय. सतराव्या अध्यायात तर मूढ हट्टाने स्वतःस पीडा देऊन केलेल्या तपासही तामस म्हटले आहे. तप जर असे तामस ठरते, तर घंगाळाची काय कथा!

आता सामर्थ्याचे माप घ्यावयाचे म्हणजे देहात काय घडते ते ठाऊक हवे. मध्यम वयापासून स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वेगाने होते. तिचा प्रत्यय हातांपेक्षा मांड्यांना आधी येतो. म्हणून पोहरा ओढता येतो, पण उकिडवे बसून उठणे जड जाते. हाडे विरळ होतात, स्त्रियांची विशेषतः. बसल्या जागेवरून एकदम उठले असता रक्तदाब क्षणभर उतरतो व चक्कर येते. रक्तदाबाच्या व झोपेच्या काही औषधांनी ती अधिक येते. मान वर करून, दोन्ही हात उंचावून दिवा बदलताना तोल जाण्याचा संभव मोठा असतो, कारण त्या स्थितीत डोळ्यांना जमिनीचा आधार राहत नाही. कमी उजेडात डोळे सरावण्यास पूर्वीपेक्षा वेळ लागतो. आणि एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही : वाचनासाठी खालचा भाग वेगळा असलेला चष्मा लावून जिना उतरताना पायरी नेमकी त्या खालच्या भागातून दिसते, म्हणून तिचे अंतर चुकते. जिन्यासाठी दूरचाच चष्मा असावा, आणि मोतीबिंदू ‘अजून दिसते आहे’ म्हणून वर्षानुवर्षे पुढे ढकलू नये.

पडणे ही किरकोळ घटना नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात, आणि प्राणघातक पडण्याचे प्रमाण साठीवरील लोकांत सर्वाधिक आहे. परंतु त्याच संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनात ६५ वर्षे व त्यावरील व्यक्तींनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे आणि निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत असेही सांगितले आहे, व घरकामाचा समावेश या हालचालीत केला आहे. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. मुलगा पहिली वाचतो, वडील दुसरी.

मग सोडावे काय आणि ठेवावे काय? आमचे म्हणणे असे की, कामे मानाच्या क्रमाने न सोडता धोक्याच्या क्रमाने सोडावीत. आपल्या घरांत नेमके उलट होते. ज्याला केर काढणे, भाजी निवडणे, भांडी विसळणे हलके वाटते तो पुरुष ती कामे आधी सोडतो आणि शिडीचा मान शेवटपर्यंत धरून ठेवतो. उंचावरची कामे सर्वांत आधी सोडावीत : कौले, माळा, पंख्याची पाती, स्टुलावर उभे राहून करावयाचे सारे काही. त्यांपाठोपाठ एकट्याने ओझे उचलण्याची कामे. स्वयंपाकाच्या गॅसच्या घरगुती सिलिंडरात १४.२ किलो वायू असतो आणि रिकामे सिलिंडरही सुमारे तितक्याच वजनाचे असते. म्हणजे भरलेले उचलणे हे तीस किलोंच्या आसपासचे ओझे होय. ते पंचविशीतल्या माणसानेच हलवावे. भरलेली बादली दहा-बारा किलोंची असते. तिच्याऐवजी दोन अर्ध्या बादल्या दोन्ही हातांत घ्याव्यात, तोल चांगला राहतो. ओल्या, शेवाळलेल्या जागेतील काम उन्हे आल्यावर, अनवाणी वा गुळगुळीत तळाची चप्पल घालून न करता, करावे. विहिरीचे पाणी ओढावयाचेच असेल तर रहाटावरून ओढावे. काठावर वाकून पोहरा हाताने उचलण्याची जुनी खोड मोडावी.

याखेरीजचे पुष्कळ काही हातात ठेवण्याजोगे आहे. केर काढणे, फुलझाडांस पाणी, समया व निरांजने चिंचेने घासणे, धुणे वाळत घालणे, धान्य पाखडणे, तुळशीवृंदावनास चुना लावणे, नारळ सोलणे. विळीवर बसता येत असेल तर जरूर बसावे. गुडघे खरोखर झिजले असतील तर टेबलाशी बसून चिरण्यात कमीपणा नाही. काम थोडथोडे, उजेडात, आणि घरात दुसरे माणूस असताना करावे. दमल्यावर ‘एवढे उरकून टाकतो’ म्हणून जे केले जाते त्यातच अपघात घडतात.

येथवर आम्ही बहुतांशी वडिलांविषयी बोललो. घरातील आईंची गोष्ट निराळी आहे आणि ती सांगितल्यावाचून हा पाठ अपुरा राहील. पुरुषाला ‘आता पुरे’ म्हणणारे चारजण असतात. सत्तरीतल्या स्त्रीला चुलीपासून उठ म्हणणारा कोणी नसतो. तिचे काम उंचावरचे नाही म्हणून ते कष्टाचेही नाही असे घरास वाटते. पहाटेपासून ओट्याशी उभे राहणे, सणाला शंभर पुरणपोळ्या लाटणे, पाहुण्यांचे अंथरूण-पांघरूण, आणि वर नातवंडांना कडेवर घेणे, हे सारे तिच्या पाठीवर असते. वर सांगितलेल्या आईंची कामे काढून घेतली गेली हा अपवाद. बहुसंख्य घरांत कामे तशीच राहतात आणि शक्ती तेवढी निघून जाते. तिने ‘मला होत नाही’ असे म्हणण्याची वाट पाहू नये. ती म्हणत नाही. या नवरात्रात कुळाचाराचा स्वयंपाक कोणी करावयाचा, हा प्रश्न घरातील पुरुषांनी आपण होऊन काढावा, आणि काढून झाल्यावर कणीक मळावयास बसावे.

कामात साहाय्य कसे करावे याचा आदर्श आपल्या संतपरंपरेत आहेच. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाईला प्रत्यक्ष पांडुरंग दळू लागला ही कथा महीपतीच्या भक्तविजयाने घरोघरी पोहोचविली. त्या कथेतील एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. देवाने जनीचे जाते काढून घेतले नाही. पीठ आपोआप पडावे असा चमत्कारही केला नाही. त्याला काय अशक्य होते? तो तिच्या समोर बसला आणि त्याच खुंट्याला त्याने हात लावला. ज्यांनी जाते फिरविलेले पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की दोघे समोरासमोर बसले म्हणजे ओढ वाटली जाते. एकाचा हात दमला तरी जाते थांबत नाही, आणि दुसऱ्याला त्याची जाणीवही द्यावी लागत नाही.

मुलांनी व सुनांनी वडीलधाऱ्यांच्या कामाला हात लावावा तो असा. ‘बाबा, तुम्ही खाली बसा, तुम्हांला जमायचे नाही’ या वाक्याने वडील शिडीवर चढतात. ‘बाबा, पन्हळीकडची कौले आधी काढायची की आढ्याकडून उतरत यायचे?’ असे विचारले तर ते खाली उभे राहून सांगतात, आणि शिडीचा पाय धरतात. यात वडिलांची समजूत घालण्याची युक्ती आहे असे कोणी मानू नये. आढ्याजवळचे कोणते कौल दर वर्षी सरकते, पाणी कोणत्या भिंतीत उतरते, माळ्यावरील कोणती फळी किडलेली आहे, हे खरोखरच त्यांना ठाऊक असते व मुलाला नसते. हे ज्ञान कोठे लिहून ठेवलेले नाही. ते वडिलांबरोबर गेले म्हणजे पुढल्या पावसात घर गळते. म्हणून उतारवयात अंगमेहनतीचे काम सोडणे म्हणजे ते दुसऱ्यास शिकविणे. शिकविल्यावाचून सोडले तर ते सोडणे अर्धेच राहते. आणि शिकविताना शिकणाऱ्याचे काम वाकडे झाले तरी ते हातातून ओढून घेऊ नये. चुन्याचा हात नातवाकडून ओघळला तर ओघळू द्यावा. तुळशीचे काही बिघडत नाही.

साहाय्य घेणे हीसुद्धा शिकण्याचीच गोष्ट आहे. पैठणास नाथांच्या घरी श्रीखंड्या या नावाने भगवंताने कावडीने पाणी भरले अशी कथा आहे. भरणाऱ्याची थोरवी आपण गातो. पण नाथांनी ती सेवा घेतली, हेही त्या कथेत आहे. ज्यांची मुले पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशी आहेत अशी वृद्ध दांपत्ये आपल्या सभासदांत आता पुष्कळ आहेत. त्यांना खुंट्याला हात लावणारे घरात कोणी नाही. त्यांनी मजुरी देऊन माणूस बोलवावा आणि त्यात पैशाचा विचार करू नये. खुब्याच्या शस्त्रक्रियेपुढे दोन दिवसांची मजुरी काहीच नव्हे. शेजारच्या तरुण मुलाला हाक मारण्यातही संकोच नको. त्या मुलाला कोणी हाक मारीत नाही, हीही आजकालची एक अडचण आहे.

हा पाठ घरातील सर्वांनी एकत्र बसून वाचावा अशी विनंती आहे. सर्वपित्री अमावास्येनंतरच्या एखाद्या संध्याकाळी अठराव्या अध्यायातील ७ ते ११ व २३ ते २५ हे श्लोक अर्थासह म्हणावेत, आणि पोथी मिटल्यावर एक कोरा कागद घेऊन दिवाळीपूर्वीची कामे त्यावर उतरवावीत. कामांची नावे घरातील सर्वांत वडील माणसाने सांगावीत व सर्वांत लहानाने लिहावीत. प्रत्येक कामापुढे ते कोण करणार आणि त्याच्या समोर कोण बसणार अशी दोन नावे असावीत. शिडीच्या कामापुढे तिसरे नाव लिहावे, खाली पाय धरणाऱ्याचे.